गावाला ऐकू जाणारा कॉम्प्रेसर

काल पौडच्या पंक्चरच्या दुकानात तापल्या तेलाचा वास आला, तेव्हा मला कळलं की कॉम्प्रेसर चालू हाय.

असाच वास लई वर्षांमागं एका मशीन विकणाऱ्याच्या शेडात होता. तवा डोंगरात लवासा शहराची बांधकामं जोरात होती. माझ्या वर्कशॉपसाठी कॉम्प्रेसर निवडायला मी बायकोला, सखूला, संगं नेलं होतं. एक पेटीतला, गुपचूप चालणारा. दुसरा पिस्टनचा, फरशी हादरवणारा.

"अवो, त्यो गपवाला घ्या. घरामागंच बसवायचाय."

"सून बघायला आलोय का, गरीब पायजे म्हणायला? गावाला ऐकू गेला पायजे!"

"मग माझं बोलणं कुटं ऐकू येणार तुमाला?" सखू हसली.

पिस्टनचाच घेतला. त्याच्याशेजारी राबून माझे कान गेले. गेल्या साली शेवटच्या घटकेला सखू माझा हात धरून काहीतरी बोलली. मला नुसते ओठ हललेले दिसले. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.