जसाच्या तसा निरोप

आमच्या घरात भांडणाचा आवाज कधी झाला नाही. झाला तो अबोला. राग आला की माझे कान तापतात आणि मी मूग गिळून बसतो. बायको माझ्यापेक्षा वरचढ. नांदेडच्या आमच्या गल्लीला वाटतं, मास्तरांचं किती शांत जोडपं! या शांततेचा आता थकवा आलाय.

अबोल्यातही घर चालवावं लागतं. त्यासाठी आमची एकुलती एक मुलगी होती. पाच वर्षांची असल्यापासून ती स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यात खेपा घालायची. "तुझ्या पप्पांना म्हणावं, दूध संपलंय." "तुझ्या आईला म्हणावं, मला दिसतं." दोघांनाही एकमेकांचा आवाज ऐकू यायचा, शब्द कळायचे नाहीत, आणि निरोप तिच्या तोंडून आल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही.

दहावी झाल्यावर ती शिकवणीसाठी लातूरला गेली. महिनाभर बरं चाललं. मग मुदखेडला माझ्या बहिणीची वास्तुशांत निघाली आणि मी फोनवर "आम्ही दोघं आदल्या दिवशीच येतो" असं सांगून मोकळा झालो. बायको म्हणाली, "मला इचारलं का?" एवढंच. कान तापले. पाच दिवस कुणी ब्र काढला नाही. सहाव्या दिवशी बहिणीनं फोन करून विचारलं, कधी निघताय? बायको समोरच शेपू निवडत बसली होती. मी लातूरला फोन लावला.

"बेटा, आईला विचार, मुदखेडला येणार आहे का."

"आई कुठं हाय?"

"इथंच. समोर."

 ती म्हणाली, "पप्पा, मी तुमचा निरोप कधीच जसाच्या तसा नेला न्हाई. आईचा पण न्हाई. तुम्ही दोघं लई लागट बोलायचे, मी ते गोड करून सांगायचे. वाटायचं, खरं सांगितलं तर कुणीतरी घर सोडून जाईल. इथं पण घरचा फोन आला की उचलू वाटत न्हाई. आता न्हाई जमत मला." आणि फोन ठेवला.

कान तापलेलेच होते. पोरीचा राग आला असं आधी वाटलं. पण तो राग नव्हता. लाज वाटत होती, आणि पोरगी आता आपल्याला फोन करील की नाही याची भीती. आजवर मी या सगळ्याला रागच म्हणत आलो.

बायकोनं मान वर केली. "काय म्हणाली ओ?"

मी एकेक शब्द सांगितला. काही गाळलं नाही, गोड केलं नाही. 

तिनं शेपूची जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "आपल्याला कळलं कसं न्हाई?"

"मला कळायला पाहिजे होतं," मी म्हणालो. "माझ्या आईबापाचे निरोप मीच न्यायचो."