झेंडूच्या वाफ्यातल्या मांजरी

आमच्या गल्लीत किस्से कोणी मुद्दाम घडवत नाही, ते आपोआप साचतात. दुपारी हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न लांबून, स्वप्नात आल्यासारखे ऐकू येतात, सगळं लाखनी गाव पेंगत असतं, आणि तेवढ्यात शेजारून कोणीतरी हाक मारतं, "मॅडम, पाहा ना जी!" झाला किस्सा तयार! मी शाळेत शिकवते, पण शेजारच्या प्रमिलाबाईंच्या अंगणात जेवढी हसले तेवढी वर्गात कधी हसले नाही.

यंदाचे सगळे किस्से मांजरींचे. म्हणजे झेंडूचे. म्हणजे खरं तर सोनूच्या लग्नाचे.

सोनू ही प्रमिलाबाईंची एकुलती एक. होळीच्या आधीची तारीख निघाली आणि बाईंनी जाहीर करून टाकलं, "माह्या पोरीच्या गळ्यात विकतचा हार पडणार नाही. घरचा झेंडू लावीन!" वाफे झाले, शेणखत पडलं, रोपं लागली. माती इतकी मऊ की आपणच जाऊन पडावं असं वाटायचं. गल्लीतल्या तीन मांजरींनाही तसंच काहीतरी वाटलं, फक्त त्या झोपायला येत नव्हत्या! रोज सकाळी वाफा उकरलेला आणि दोन-चार रोपं आडवी.

सोनूची एकच अट होती. "आई, मांजराले काही दुखलं नाही पाहिजे. जे करशील ते घरगुती कर."

*

पहिला उपाय मीच सुचवला. संत्र्याच्या साली! मांजरांना तो वास सोसत नाही, असं मी कुठंतरी वाचलं होतं. आणि खरंच, पहिल्या दिवशी पांढऱ्या मांजरीनं वास घेतला, नाक मुरडलं आणि ती निघून गेली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी साली वाळल्या आणि मांजरी परतल्या. म्हणजे रोज ताज्या साली हव्यात. म्हणजे रोज कोणीतरी संत्री खायला हवीत. ते काम सोनूच्या वडिलांकडे, भाऊरावांकडे आलं. सकाळी चार, संध्याकाळी चार. दहाव्या दिवशी ते हात जोडून म्हणाले, "मांजर जाईल का नाही मले माहीत नाही. मीच जातो घरातून!"

*

मग कोणी सांगितलं, निळीच्या पाण्याच्या बाटल्या लटकवा, जनावर बिचकतं. प्रमिलाबाईंनी कुंपणाला अठरा बाटल्या बांधल्या. काय सांगू, त्या दुपारी अंगण ओळखू येईना! ऊन बाटल्यांतून गाळून येत होतं आणि मातीवर निळे कवडसे हलत होते. मी कपडे वाळत घालायला म्हणून गेले आणि तिथंच उभी राहिले.

मांजरी आल्या. बिचकणं दूरच, त्या कवडशांमागं धावू लागल्या! इकडून तिकडं, तिकडून इकडं, रोपांवरून उड्या मारत. सोनू पायरीवर बसून पोट धरून हसत होती. प्रमिलाबाई हातात झाडू घेऊन बाहेर आल्या, पोरीकडं पाहिलं आणि तशाच आत गेल्या.

*

तिखटाचा किस्सा साखरपुड्याचा. आदल्या दिवशी बाईंनी वाफ्यांभोवती मिरचीपूड टाकली होती. नवरदेवाकडचे लोक आंधळगावहून आले, अंगणात सतरंजीवर बसले, आणि नेमकं कुंकू लावायच्या वेळेला वारा सुटला.

आधी नवरदेव शिंकला. मग त्याचे मामा. मग ओळीनं सगळे! शुभकार्यात शिंक म्हणजे काय ते सांगायला नको. प्रमिलाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मलाही धडकी भरली, लग्न मोडतं की काय!

नवरदेवाच्या आजीनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "एक शिंक आली त अपशकुन. इतक्या आल्या त टाळ्याच समजा वो!"

*

आता भाऊरावांना राहवेना. जन्मभर धान लावलेला माणूस! म्हणाले, "मांजर ओल्या जमिनीत पाय नाही टाकत. तुम्हाले कोणाले कळत नाही." एका सकाळी त्यांनी झेंडूच्या वाफ्याला चारी बाजूंनी बांध घातला, पाणी सोडलं आणि मस्त चिखल केला. फुलांचा वाफा नव्हे, धानाची बांधीच ती!

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. पाण्यात आभाळ उतरलं होतं आणि मधे झेंडूची रोपं गुडघाभर उभी होती. प्रमिलाबाईंनी कुंपणावरून मला हळूच विचारलं, "मॅडम, मांजर आलं का जी?"

मांजर आलं नव्हतं. बगळा आला होता!

अर्धा झेंडू मुळापासून सडला. बाई दोन दिवस भाऊरावांशी बोलल्या नाहीत.

*

उरलेला झेंडू वाढेना. तेव्हा सीताबाईंनी उपाय सांगितला. त्या तलावावरून मासोळी आणून गल्लीत विकतात. "मासोळी धुतलेलं पाणी घाला, फूल मुठीएवढं येते!" प्रमिलाबाईंनी रोज दोन तांबे घातलं. झेंडू खरोखर फुगला. मांजरीही दुप्पट वेळ बसू लागल्या.

"काहून येऊन राहिल्या असतील वो?" बाई मला अगदी मनापासून विचारत होत्या. शेवटी रोपांमध्ये बोरीच्या काटेरी फांद्या खोचल्या आणि कसेबसे दोन हार निघाले. एक सोनूच्या गळ्यात पडला, एक जावयाच्या. हार ओवताना बाईंची बोटं काट्यांनी सोलवटलेली होती, पण त्या दिवशी त्यांच्याएवढं खूश कोणी नव्हतं.

*

जावयाची नोकरी पुण्याला, म्हणून लग्नानंतर सोनू तिकडं गेली. आठवड्याभरात मांजरींनी येणं बंद केलं. वाफे अगदी सपाट, एक नख उमटलेलं नाही.

सीताबाईंनीच उलगडा केला. "सोनू रोज माह्यापासून मासोळीची मुंडकी नेत होती ना! भिंतीमागं मांजराईले चारे. तुम्हाले नाही सांगतलं?" प्रमिलाबाई सपाट वाफ्याकडं पाहू लागल्या. मला हसू आलं.

सोनूचा रोज फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "आई, मांजरी येतात ना?"

"येतात ना! पुरा वाफा उकरून ठेवतात मेल्या!" बाई इकडून रागावल्यासारखं करायच्या.

एके दिवशी फोनवर पोरीचा आवाज भरून आला. "इथं चौथ्या मजल्यावर कोणीच येत नाही गं. उकरलेल्या वाफ्याचा फोटो तरी पाठव."

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा करून मी घरी आले. कुठून तरी मोहाच्या फुलांचा वास येत होता, गल्ली झोपली होती. कुंपणापलीकडं प्रमिलाबाई वाफ्यात उकिडव्या बसल्या होत्या. दोन्ही हातांच्या बोटांनी माती उकरत होत्या, आणि उकरलेली माती मांजर टाकतं तशी मागं टाकत होत्या. दोन रोपं त्यांनी जपून आडवी केली.

मग त्यांना मी दिसले.

"मॅडम, तुमचा फोन चांगला आहे," त्या म्हणाल्या. "एक फोटो काढा जी. माहे पाय नका येऊ देऊ त्यात."