अण्णांच्या आवाजावरची घूं

प्रीअॅम्प पहिल्यांदा चालू केला तेव्हा स्पीकरमधून नुसतीच घूं आली आणि अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. वडिलांचं हे पाहणं मी लहानपणापासून ओळखतो. काम धड झालेलं नाही, असा त्याचा अर्थ.

त्यांना आता बोलता येत नाही. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक आहे, त्यावर सुती रुमाल असतो. त्याआधी हा माणूस पिंपरीतल्या एका कंपनीच्या भजनी मंडळाचा बुवा होता. प्रेस शॉपमध्ये शिफ्टभर पत्र्याचे ठोके ऐकायचे आणि सुटल्यावर कॅन्टीनमध्ये पेटी पुढे घेऊन बसायचं. कंपन्याकंपन्यांच्या भजन स्पर्धा व्हायच्या, त्यातल्या एका वर्षीची कॅसेट होती. मूळ कॅसेट माझा थोरला भाऊ घर वेगळं करताना घेऊन गेला. आमच्याकडे राहिली ती त्याने भरून दिलेली प्रत.

दवाखान्यातून घरी आल्यावर अण्णांनी एकच गोष्ट मागितली. आधी जुन्या कॅसेट डेककडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे.

डेकची मोटर चालत होती, पण आवाज वाढवणारा भाग जळाला होता आणि तो आता कुठेही मिळत नाही. कॅसेटवरचं गाणं कॉम्प्युटरमध्ये भरून देणारा एक जण सापडला होता. त्याने भाव सांगितला, मी निम्मा सांगितला, तो हसला. मला हसलेलं खपत नाही. मी जिना उतरलो आणि बुधवार पेठेत जाऊन प्रीअॅम्पचं किट घेतलं. डेकमधून निघणारा बारीक आवाज अॅम्प्लिफायरला पुरेल इतका मोठा करायचा, एवढंच त्याचं काम. सुटे भाग, ते बसवायची एक हिरवी पाटी आणि जोडणीचा चुरगळलेला नकाशा. सोल्डरिंगमध्ये माझा हातखंडा आहे.

माझं चिखलीत शेड आहे. चाकणच्या कंपन्यांना लागणारे विजेच्या पॅनेलचे डबे आम्ही बनवतो. दहावी झाल्यावर मला पत्रा कापायला लावलं आणि दादाला इंजिनियरिंगला घातलं, हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. आज दादा ताथवड्यात लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये राहतो. अण्णा राहतात माझ्याकडे, शेडच्या वरच्या दोन खोल्यांत.

पॅनेलच्या धंद्यात एक गोष्ट हाडात मुरते. अर्थिंग जितकं जास्त तितकं चांगलं. दाराला वेगळी हिरवी वायर, झाकणाला वेगळी, तळाला दोन. एक राहिली तरी कंपनीचा तपासणारा गाडीभर माल परत पाठवतो. प्रीअॅम्पचा डबा मी तसाच बनवला. पाटीला अर्थिंग, ट्रान्सफॉर्मरला अर्थिंग, डेकला वेगळं, अॅम्प्लिफायरला वेगळं. असा डबा दादाच्या बापाला जमला नसता, असं मनात म्हणालो, आणि मग लक्षात आलं की त्याचा बाप समोरच बसलाय.

डबा उचलून मी पेठेत गेलो आणि दुकानदाराच्या काउंटरवर आपटला.

"कचरा माल दिलात मला. नुसता गुणगुणतोय."

त्याने झाकण उघडलं आणि चष्मा वर केला. "राव, हे प्रीअॅम्प आहे का महावितरणचं सबस्टेशन?"

"अर्थिंग पक्कं आहे माझं."

"तेच नडलंय. इतक्या ठिकाणी जमिनीला बांधलंत की वीज गोल गोल फिरत बसते, आणि तीच ऐकू येते. एक ठेवा, बाकीच्या तोडा."

"आणि शॉक बसला तर?"

"एक ठेवा म्हटलं ना भाऊ. सगळ्या कुठं तोडायला सांगतोय?"

"आणि तरी वाजलं तर?"

"तर डेक काढा आणि इनपुटची दोन टोकं एकमेकांना जोडून बघा. तरीही वाजलं तर दोष माझ्या किटचा, पैसे परत."

दुकानदार स्वतःहून पैसे परत म्हणतो तेव्हा तो एक तर खोटारडा असतो किंवा त्याला खात्री असते. मी खोटारडा धरून चाललो.

वायर तोडताना हात अडखळत होता. पण तोडल्या आणि घूं निम्म्याहून खाली आली. त्या संध्याकाळी मी अण्णांना म्हणालो, "झालंच समजा." त्यांनी मान हलवली. पण कॅसेट लावली तर पेटी, टाळ, माणसं सगळी घूंच्या पलीकडे, गोधडीआडून बोलल्यासारखी. मी ट्रान्सफॉर्मर डब्याबाहेर काढून लांब ठेवला. साधी वायर काढून जाळीची घातली. फरक पडला तो फक्त माझ्या रक्तदाबात. मग मी शेजारच्या शेडवर खार खाऊ लागलो. त्यांचं वेल्डिंग आणि माझी वीज एकाच खांबावरून येते. दोनदा जाऊन भांडलो. त्यांनी चहा पाजला आणि वेल्डिंग चालू ठेवलं.

गुरुवारी एमआयडीसी बंद असते. त्या दिवशी आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा हळू भुंकतं. शेजारचं वेल्डिंगही बंद होतं. मी प्रीअॅम्प लावला, कॅसेट सोडली. घूं होतीच. शेवटी दुकानदाराने सांगितलेलं केलं, इनपुटची टोकं जोडली. स्पीकर एकदम गप्प झाला. टोकं सोडवून पुन्हा डेक जोडला, कॅसेट न फिरवता, तरी गप्प. कॅसेट फिरू लागली की घूं, थांबवली की शांत. चारचारदा करून पाहिलं.

माझ्या डब्यात काही दोष उरला नव्हता. घूं कॅसेटवरच होती. दादाने प्रत काढताना गाण्याबरोबर तीही भरून ठेवली होती. इंजिनियर माणूस!

वर्षभरात मी त्याला स्वतःहून फोन केला नव्हता. त्या दिवशी केला.

"दादा, अण्णांच्या भजनाची मूळ कॅसेट पाहिजे."

"कुठली रे?"

"स्पर्धेची. तू नेलेली."

"अरे, कॅसेटी होय! त्या इकडे येताना काढून टाकल्या सगळ्या. भंगारवाल्याला दिल्या. तुला प्रत दिली होती की."

"भंगारवाल्याशी घासाघीस तरी केलीस का?"

"तू ना, कधी नीट बोलायचाच नाहीस." त्याने फोन ठेवला.

म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर अण्णांचा आवाज होता तो एवढाच, आणि तो घूंच्या आत होता. ती वेगळी काढायची तर माझ्या पकडीत आणि सोल्डरमध्ये त्याला उपाय नव्हता. ज्या कॉम्प्युटरवाल्याचा जिना उतरून आलो होतो, त्याच्याकडेही परत गेलो. त्या माणसाने ऐकून सांगितलं, घूं काढली तर आवाजही सोबत जाईल. या वेळी मी भाव केला नाही. करण्यासारखं काही त्याच्याकडेही नव्हतं.

परत येऊन अण्णांना खुर्चीत बसवलं, स्पीकर त्यांच्या कानाजवळ ओढला आणि कॅसेट लावली. ते सावरून बसले. डावा हात मांडीवर ताल धरायला तयार ठेवला. घूंखाली पेटीचे सूर लागले. मग कुणीतरी आलाप घेतला, तो त्यांचाच असणार, बुवा तेच होते. मागून टाळ आले, कोरस आला. प्रेस शॉपच्या ठोक्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला घूंपलीकडचं किती ऐकू येणार? त्यांचा हात मांडीवर तसाच राहिला. ते स्पीकरकडे बघत होते, आता लागेल, आता लागेल, असे.

भजन संपलं. कॅसेट नुसतीच फिरत राहिली. अण्णांनी माझ्याकडे वळून हाताने खूण केली. लाव की आता.

"लावतो," मी म्हणालो, आणि कॅसेट मागे घेतली.