कोरडी विहीर, शून्य किलोमीटर

बोर धरणाला जाताना आंजीच्या पुढे एक पाटी दिसली: ‘प्रेक्षणीय स्थळ, ० किलोमीटर’. पाटीखाली वांगी विकणाऱ्या माणसाने आम्हा पाच जणांना थेट आपल्या वावरातल्या विहिरीवर नेलं. बावन्न फूट खोल, थेंबभर पाणी नाही.

“यात काय पाहायचं?”

“घरची म्हणते, शंभर लोकं पाह्याले आले तं ठेवा, नाई तं बुजवा. सहा महिने खंदली भाऊ मी.”

त्याने वही पुढे केली. आमच्या सह्यांनी नव्याण्णव झाले.

“तुम्ही दोनदा करा ना.”

“एकदाच पाहिली,” मी म्हणालो.

धरण पाहून परतताना मी पाटीपाशी पुन्हा गाडीतून उतरलो, विहिरीत नीट डोकावलो आणि शंभराव्या ओळीत ‘दुसऱ्यांदा’ असं लिहून सही केली.