गेरूची फुली

सुलतानबी सुईण होती. रेणापूरच्या विणकर गल्लीत तिचा पाय लागला नाही अशी आतली खोली नव्हती. हिंदूंची असो की मुसलमानांची, बाळंतपणं तिच्याच हातची. रेणुकादास तिच्याच हातावर जन्मला. पुढं तो हैदराबादेत शिकला आणि निजाम सरकारच्या बांधकाम महकम्यात ओव्हरसियर झाला.

एका उन्हाळ्यात जमीन हादरली. भांडी पडली, माळवदांची माती झडली. दगावलं कुणी नाही. पुन्हा हादरा बसला तर कोणतं घर टिकेल नि कोणतं बसेल, ते तपासायला रेणुकादास गावोगाव हिंडत रेणापुरात आला. बायका परक्या पुरुषाला आत घेईनात. तेव्हा त्यानं सुलतानबीला गाठलं. कच्च्या घरांना सरकार सागवानी टेकू आणि नव्या तुळया देणार, असं त्यानं सांगितलं.

मग ती पुढं चालली. दारात उभी राहून म्हणायची, "आपलाच पोरगा हाय, येऊ द्या." तो मातीत रचलेल्या दगडी भिंती ठोकून बघे, कुठं भिंतीला पोट सुटलंय ते तिला दाखवी, आणि दारावर गेरूची फुली मारी. तिच्याही दारावर मारली. पाटलांच्या घराची भिंत तर उघड कललेली. तिथं फुली नव्हती. तिनं विचारलं, तर नंतर बघू म्हणाला.

टेकू आले नाहीत. दिवाळीनंतर पहारी घेऊन माणसं आली. फुलीची घरं धोक्याची, ती पाडून तिथं मोंढ्याचा धान्यबाजार वाढवायचा हुकूम होता. म्हाताऱ्या धोंडप्पाला जेमतेम माग बाहेर काढता आला.

सुलतानबी लातूरला गेली. कचेरीच्या ओट्यावर रेणुकादास भेटला.

"घरं खरंच कच्ची होती, खाला," तो म्हणाला.

"म्हणून तर तुला आत नेलं. पाडणार हायत, हे तुला ठावं होतं का?"

"होतं," तो म्हणाला.

ती परतली. गल्लीतली माणसं नदीकाठी छपरं टाकून राहिली होती. तिच्याशी कुणी भांडलं नाही, बोलणंच सोडलं. धोंडप्पाची सून अडली, तेव्हा त्यांनी दुसऱ्या गावची सुईण आणली. सुलतानबी छपराबाहेर, बाभळीखाली बसून होती. आतलं कण्हणं ऐकून पोर आडवं आलंय की काय, असं तिला वाटत होतं. तिला आत कुणी बोलावलं नाही. शेवटी पोर रडलं, तशी ती उठली आणि लेकीकडं देवणीला निघून गेली.