वांगं कच्चं राह्यलं

अमरावतीच्या आमच्या ऑफिसात दुपारी पाच डबे उघडतात, आणि पाचही डब्यांना, अगदी स्वतःच्या डब्यालासुद्धा, नावं ठेवणारा आमच्यातला एकच सहकारी. "पोयी जाड झाली." "वरनाची फोडनी जळली." कामानिमित्त अकोल्याला गेलो की तो आम्हाला हटकून गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी मिळते त्या हॉटेलात नेतो. तिथं ताट यायच्या आधीच भटारखान्यात शिरतो आणि आचाऱ्याला विचारतो, "वांगे कोन्या गावचे?" आचारी चिडत नाही, उलट त्याला रस्सा चाखायला देतो.

गेल्या वर्षी माझी बायको महिनाभर दवाखान्यात होती. डबा मीच करायचो. पहिल्याच दिवशीचं करपलेलं वरण त्यानं वाटी पुसून खाल्लं. "अजून हाय का?" पुढं महिनाभर माझ्या डब्याला एक वाकडा शब्द नाही. त्याचं ते गोड बोलणं मला सोसवेना.

मग ती घरी आली, हळूहळू ओट्यापाशी उभी राहू लागली. एक दिवस तिनं डब्यात भरीत दिलं. त्यानं घास घेतला, डोळे मिटले.

"वहिनीले सांगा, वांगं कच्चं राह्यलं."

संध्याकाळी मी तिला जसंच्या तसं सांगितलं. कितीतरी दिवसांनी ती खळखळून हसली.

"म्हंजे आता मी बरी झाली!"