टेलिफोन अण्णांची खरेदी

टेलिफोन अण्णांचा मोबाइल पडद्यावरचं सगळं इतक्या झपाट्याने वाचून दाखवायचा, की आम्हाला नुसती किरकिर ऐकू येई. अण्णांना मात्र त्यातला शब्द न् शब्द कळे. अण्णा जन्मांध, मूळचे बेळगावकडचे. एका सरकारी कारखान्यातून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले आणि राजाजीनगरात आमच्या शेजारी एकटेच राहत.

पूर्वी कपडे घ्यायला मी त्यांना मल्लेश्वरमच्या बाजारात नेई. दुकानदार त्यांच्याशी बोलतच नसे. ‘‘यांना काय दाखवू?’’ असं मला विचारी आणि तपकिरी शर्ट काढी. मळ दिसत नाही म्हणे!

मग एका खरेदीच्या ॲपमधली प्रत्येक गोष्ट मोबाइल वाचून दाखवतो, हे अण्णांना समजलं. पहिलं पार्सल फोडून ते जिन्यातूनच ओरडले, ‘‘अगं, मी निवडला! कुणालाही न विचारता!’’ हातात हळदीसारखा पिवळाधमक शर्ट.

‘‘पिवळा कशाला, अण्णा?’’

‘‘मला रंग दिसत नाही, पण लोकांना मी दिसतो की!’’

त्यानंतर साबणापासून चहापर्यंत सगळं तिथूनच. दुसरीकडे स्वस्त मिळतं, असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, ‘‘इथं मला कुणाची वाट बघावी लागत नाही. त्याची किंमत कशी करायची?’’

आणि एके दिवशी ॲप बदललं. मोबाइल नुसता ‘बटण, बटण, बटण’ म्हणू लागला. कुठलं बटण कशाचं, ते कळेना; अण्णांना साबणसुद्धा मागवता येईना. ‘‘दुसरं ॲप घेऊ या,’’ मी म्हटलं.

‘‘रस्ता खणला म्हणून कुणी घर बदलतं काय?’’ म्हणत त्यांनी कंपनीला फोन लावला. ‘‘योग्य माणसाला जोडून द्या. मी थांबतो.’’ असे कितीतरी फोन झाले. अखेर कंपनीच्या एचएसआर लेआउटमधल्या ऑफिसातून एक तरुण इंजिनिअर मुलगी घरी आली. अण्णांनी तिला कॉफी दिली आणि ते म्हणाले, ‘‘आता डोळे मीट आणि माझ्या मोबाइलवरून एक कंगवा मागवून दाखव.’’

डोळे उघडले तेव्हा तिने कुत्र्याचं खाणं मागवलं होतं. आम्ही खो खो हसलो. ती हसली नाही. ‘‘सर, आमच्या हे लक्षातच आलं नाही,’’ एवढंच म्हणाली.

काही आठवड्यांनी आमची बेल खणखणत राहिली. ‘‘बोलतंय! सगळं बोलतंय!’’ अण्णा दारात अक्षरशः नाचत होते. मीही नाचले.

यंदा त्यांची पुतणी त्यांना कायमचं राहायला बेळगावला घेऊन गेली. गाडीत बसताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. ‘‘आता माझं तुझ्यावाचून काही अडत नाही,’’ ते म्हणाले, ‘‘म्हणूनच ये. नुसतीच भेटायला ये.’’